सुकवारोबाईचे पाहुणे

आमच्या रिसॉर्टवर आलेल्या माणसाला आधी थंडगार ओला रुमाल मिळायचा, मग सरबत, मग खोलीची किल्ली. तोच माणूस दुसऱ्या दिवशी सुकवारोबाईच्या घरी जेवायला गेला की त्याला आधी पाय धुवायला तांब्याभर पाणी मिळायचं आणि पाय पुसून होतात न होतात तोच एक प्रश्न.

"तुमच्याकडं धान किती होते?"

या प्रश्नापुढे भलेभले गारद झालेले मी पाहिले आहेत. एकदा पुण्याहून एक गृहस्थ आले होते. मोठी नोकरी, गळ्यात हातभर लांब कॅमेरा, स्वभावाने मोकळे. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की धान होत नाही. मग गहू? गहूही नाही. बांध्या किती आहेत, म्हणजे धानाची शेतं किती? तीही नाहीत. गृहस्थांनी जरा विचार केला आणि सांगितलं की चौदाव्या मजल्यावर स्वतःचं घर आहे. दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं. मी ते सांगितल्यावर सुकवारोबाईने विचारलं, त्याच्या खाली काय आहे? मी म्हटलं, दुसऱ्यांची घरं. आणि वर? वरही दुसऱ्यांचीच. तिचा चेहरा उतरला. पायाखालची जमीनसुद्धा ज्याची नाही अशा माणसाला काय बोलणार? तिने त्यांच्या पानावर आणखी एक पळी डाळ वाढली आणि निघताना पळसाच्या पानात मूठ-दोन मूठ तांदूळ बांधून दिले.

"गरीब आहे बिचारा," ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "पण हासून राहते."

गृहस्थ परत येताना वाटभर हसत होते. ती पुडी त्यांनी जपून बॅगेत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मात्र त्यांनी मला हळूच विचारलं की इकडे जमिनीचा भाव काय चालू आहे.

मी मूळची कुडव्याची. गोंदिया शहराला चिकटलेली ही वस्ती. इथे सकाळी दहानंतर ज्याची दुचाकी दारात दिसते तो माणूस आजारी आहे असं शेजारी धरून चालतात. घरात आमची पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी आणि पोट भरण्यापुरतं इंग्रजी, एवढ्या भांडवलावर मला देवरीच्या बाजूला जंगलाला खेटून नव्याने उघडलेल्या रिसॉर्टमध्ये काउंटरवर नोकरी मिळाली. राहायला तिथेच एक खोली. आठवड्यातून एकदा हायवेवर उभं राहून बस धरायची आणि घरी येऊन आईच्या हातचं खायचं. बुकिंग घेणं, सफारीच्या जिप्सी लावणं, बिलं करणं आणि ज्यांनी "गावातलं जेवण" निवडलं असेल त्यांना दुपारी मागच्या टोल्यावर घेऊन जाणं, ही माझी कामं.

टोला म्हणजे पंचवीसेक घरं, सगळी गोंडांची. त्यातलं सुकवारोबाईचं घर आमच्या मालकांनी निवडलं होतं. मालकांना सगळे भैयाजी म्हणायचे. नागपूरचे, गोड बोलणारे, नोकरांवर कधी आवाज न चढवणारे. अंगण असं सारवलेलं की त्यावर भात वाढून जेवावं, हे पाहून त्यांनी ते घर पसंत केलं. ती साठीची असावी. तिला विचारलं तर ती वय सांगत नसे. "मोठा दुष्काळ पडला तवा मी रांगत होतो," एवढंच सांगायची; इकडच्या बाया स्वतःबद्दल असंच बोलतात. ठेंगणी, आवाज खणखणीत आणि उजवा गुडघा कायमचा रुसलेला, त्यामुळे चालताना त्या बाजूला कलायची. पहिल्या दिवशी मी तिला "तुम्ही" म्हटलं तेव्हा तिने मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलं म्हणून. त्यानंतर मी तिला मावशी आणि तू म्हणू लागले, आणि ती मला पोरी.

भैयाजींची एकच हौस होती, ती मात्र तिने पुरवली नाही. पाहुण्यांसमोर तिने जुन्या पद्धतीचं आखूड लुगडं नेसावं, गळ्यात चांदीची सरी घालावी, फोटो चांगले येतात. लुगडं त्यांनी विकतसुद्धा आणून दिलं. सुकवारोबाईने ते हातात घेऊन पाहिलं, घडी मोडली नाही, आणि पेटीत ठेवून दिलं. पाहुणे आले की ती आत जाऊन तिची एकमेव कडक नायलॉनची साडी नेसून यायची, निळी, मोठमोठ्या पिवळ्या फुलांची. परदेशातून आलेली एक बाई तर हिरमुसून मला म्हणाली की यांचा खरा पोशाख नाही का? मी ते सुकवारोबाईला सांगितलं. तिने त्या बाईच्या गुडघ्यावर फाटलेल्या पँटकडे बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "हे परक्या घरी असं फाटकं घालून काऊन आली? घरी काही झालं का?"

मी त्याचं भाषांतर केलं नाही.

तिच्या हातचं जेवण काय वर्णावं? भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, पावसाळा सरता सरता बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी, कधी बोडीतले बारके मासे. या एका जेवणाचे आम्ही पाहुण्यांकडून जे घ्यायचो त्यातलं फारच थोडं तिच्या हातात पडायचं. मला ते ठाऊक होतं, बिलं माझ्याच हातची होती. तिला विचारलं तर तिची समजूत वेगळीच होती. तिच्या मते ती विकत काही देतच नव्हती. भैयाजींच्या घरी जागा कमी, पाहुणे फार, म्हणून ते तिच्याकडे जेवायला पाठवतात. आणि तेल-मिठाला हातभार म्हणून काही देतात, ही त्यांची माणुसकी. रिसॉर्टमध्ये बावीस खोल्या होत्या. तिच्या घरात दोन.

जो तिच्या ओट्यावर बसून जेवला तो तिच्या लेखी सोयरा झाला. हे ती नुसतं म्हणायची नाही, पाळायची. महिना-दीड महिना उलटून गेल्यावर ती मला विचारायची की तो नाकात बोलणारा सोयरा कसा आहे. डाळ खाऊन रडली ती कोलकात्याची सून, तिचे दिवस भरत आले असतील, काही कळलं का? सुरुवातीला मी थापा मारायचे, बरे आहेत म्हणायचे. ती पुढे विचारायची, मुलगा की मुलगी? मग मला थापा पुरेनात. शेवटी एक दिवस मी त्या कोलकात्याच्या बाईंना खरोखरच निरोप पाठवला, की तुम्ही जिथे जेवलात त्या मावशी विचारतात. तासाभरात बाळाचा फोटो आला आणि खाली चार ओळी, की सासरच्या लोकांनीसुद्धा एवढ्या वेळा विचारलं नाही. तो फोटो सुकवारोबाईने मोबाइलवर पाहिला, बाळाचे कान बापासारखे आहेत असा निर्वाळा दिला आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

आता रस्त्याचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

रिसॉर्टच्या मागे एक बोडी आहे, म्हणजे लहान तळं. टोल्याची धुणी, आंघोळी, म्हशी, मासे, सगळं त्या बोडीवर. टोल्यावरून बोडीवर जाणारी पायवाट आमच्या जागेच्या कडेने जायची. जागा विकत घेतली तेव्हा कागदात ती वाट नव्हती, पण बाया जात होत्या आणि कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग एका पाहुण्याने पहाटे पक्षी बघायला गेल्यावर म्हशी आणि आंघोळ करणाऱ्या बाया दिसल्या म्हणून इंटरनेटवर रागाने लिहिलं. भैयाजींनी ते तीनदा वाचलं. पंधरा दिवसांत जाळीचं कुंपण झालं आणि पायवाट जिथे आत शिरायची तिथे लोखंडी फाटक बसलं. कुलूप लावून किल्ली माझ्या काउंटरमागच्या खिळ्यावर. दुपारी पाहुण्यांना टोल्यावर जेवायला न्यायचं तेव्हा मी ते उघडायचे, त्यांना आणलं की बंद करायचे. म्हणजे इकडून तिकडे जायला ती वाट चालू होती, तिकडून इकडे यायला बंद. हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मी काय करणार, मी नोकर माणूस.

टोल्यातल्या बायांना आता नाल्यात उतरून, पलीकडे चढून, पाऊण कोसाचा वळसा पडू लागला. सुकवारोबाईच्या गुडघ्याला तो चढ म्हणजे रोजची शिक्षा. दुसरी कुणी असती तर भांडायला आली असती. टोल्यातले काही जण तसे म्हणतही होते. सुकवारोबाई तिसऱ्या दिवशी सकाळी रिसॉर्टच्या समोरच्या मोठ्या दाराशी येऊन उभी राहिली. डोक्यावर धुण्याची टोपली, हातात एक दुधी भोपळा. चौकीदार तिच्याच टोल्यातला, नात्याने भाचा. तो बिचारा अवघडला. भैयाजी त्या दिवशी तिथेच होते, चार पाहुण्यांशी बोलत होते. तिने सरळ विचारलं की तुम्ही अन् बाईसाहेब माह्या घरी जेवले ना? भैयाजी आणि त्यांची बायको एकदा जेवले होते. मग तुमच्या घरातून बोडीवर गेली तर चालते ना?

पाहुणे बघत होते. भैयाजी हसून म्हणाले, "अरे मावशी, आपका ही घर है।"

झालं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज समोरून यायची. दारातून आत, माझ्या काउंटरपुढून, हिरवळीवरून, पोहण्याच्या तलावाच्या कडेने, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने बोडीवर. त्या निळ्या तलावाकडे पाहून तिने पहिल्या दिवशी विचारलं होतं की यात मासे किती सोडले. मासे नाहीत म्हटल्यावर तिला भैयाजींची कीव आली असावी.

पण कुणाच्या घरातून नुसतं निघून जाणं तिच्या रीतीत बसेना. म्हणून ती रोज काउंटरसमोरच्या मऊ सोफ्यावर दोन मिनिटं टेकायची. टोपली खाली, हात मांडीवर, मला विचारायची की आईची तब्येत कशी आहे, भैयाजी जेवले का. मग उठायची. आणि रिकाम्या हाताने यायचं नाही हेही रीतीतच. कधी चिंचा, कधी मूठभर मोहफुलं, कधी वालाच्या शेंगा, कधी नुसती चार लिंबं. माझं काउंटर भाजीच्या दुकानासारखं दिसू लागलं. पाहुण्यांना ती सजावट वाटायची. एक बाई भोपळ्याचा फोटो काढून गेली.

आठवडाभराने तिच्यामागून तिची जाऊ आली. मग शेजारीण. मग आणखी तिघी, मग आणखी. सगळ्या समोरून, सगळ्या हातात काहीतरी घेऊन आणि सगळ्या सोफ्यावर दोन मिनिटं टेकून. सोफा तिघांचा होता, बाया झाल्या चौदा. ज्यांना जागा नसे त्या जमिनीवर बसायच्या आणि आपली पाळी आली की उठून सोफ्यावर दोन मिनिटं काढायच्या, कारण यजमानाची बैठक वापरली नाही तर यजमानाला वाईट वाटतं. पाहुणे खूश. एका सकाळी एकीच्या मागून तिचं वासरू आलं आणि संगमरवरावर घसरलं. त्या दिवशी भैयाजींचा नागपूरहून फोन आला. आवाज गोडच होता. मावशींना येऊ द्या, बाकीच्यांना दारातच समजावून सांगा.

दुसऱ्या दिवशी चौकीदाराने समजावलं. बाया परत फिरल्या. सुकवारोबाईही त्यांच्याबरोबर फिरली, तिला अडवलं नव्हतं तरी. दुपारी मी पाहुण्यांना घेऊन गेले तेव्हा ती नेहमीसारखी हसून वाढत होती. निघताना मला म्हणाली की भैयाजी जेवून गेले तेव्हा त्यांनी बोलवलं होतं, आता तुम्ही लोक आमच्याकडे या म्हणून. ते राहूनच गेलं. दिवस पाहून सांग.

मला वाटलं, तिला भैयाजींशी एकटीने बोलायचं आहे. मी म्हटलं, रविवारी ते असतात, ये की जेवायच्या वेळी.

चूक माझी होती. ती म्हणाली होती "तुम्ही लोक", आणि टोल्यावर घराला दिलेलं आवतण म्हणजे अख्ख्या टोल्याला दिलेलं आवतण, हे मी तिच्या अंगणात इतक्या दुपारी काढूनही शिकले नव्हते.

रविवारी सगळ्या खोल्या भरलेल्या. दुपारी एकच्या सुमारास चौकीदार धावत आत आला आणि नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याच्यामागे टोला. तीस-पस्तीस माणसं असतील. म्हातारे धुतलेल्या धोतरात, बाया ठेवणीतल्या साड्यांत, सगळ्यांत पुढे निळी साडी, पिवळी फुलं. एकाच्या हातात पाय बांधलेली कोंबडी, एकीच्या डोक्यावर तांदळाची टोपली, यजमानाकडे जाताना न्यायची म्हणून. पाय धुवायला पाणी द्यायला कुणी पुढे आलं नाही तेव्हा सुकवारोबाईने इकडेतिकडे पाहिलं, कारंजं दिसलं आणि मंडळींनी शिस्तीत एकेक करून त्यात पाय धुतले.

भैयाजी जेवणाच्या दालनातून बाहेर आले आणि थिजले. मी काउंटरमागे शक्य तितकी लहान झाले.

त्यांनी हाकलून दिलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. पण आदल्या दिवशी तिच्याकडे जेवलेलं एक शिक्षक जोडपं तिथे होतं. त्या बाई उठल्या, सुकवारोबाईचा हात धरला आणि मोठ्याने म्हणाल्या, या, या. मग भैयाजींचा नाइलाज झाला. त्यांनी स्वयंपाक्याला भाताचं आणखी मोठं पातेलं चढवायला सांगितलं. खुर्च्यांवर कुणी बसेना. मंडळी हिरवळीवर पंगतीने बसली. ताटं आली, वेटर वाढू लागले आणि सगळं वाढून झालं तरी एकही हात ताटाकडे जाईना. सगळे गप्प बसून सुकवारोबाईकडे पाहत, आणि ती भैयाजींकडे.

भैयाजींनी मला खुणेने विचारलं की आता काय. मी जवळ जाऊन सांगितलं की घरधन्याने स्वतः वाढल्याशिवाय ही माणसं घास घेणार नाहीत.

त्या माणसाचं मला एवढं कौतुक करावंच लागेल की त्याने बाह्या वर केल्या. पळी घेतली आणि वाकून वाकून पस्तीस ताटांत डाळ वाढली. पहिल्या पाच-सहा ताटांपर्यंत भैयाजी घाम पुसत होते, नंतर त्यांना रंग चढला. म्हाताऱ्यांना आग्रह करू लागले. खुर्चीवरचे काही पाहुणे आपापली ताटं घेऊन पंगतीत येऊन बसले. मी कधी नव्हे ते त्या दुपारी मनापासून हसले.

जेवण झाल्यावर सुकवारोबाईने हात धुतला, पदर सारखा केला आणि उभी राहिली. बोलायचं ते जेवणानंतर, उपाशीपोटी नाही, हीसुद्धा तिची रीत.

"भैयाजी, जेवण चांगलं झालं. डाळीत मीठ कमी होतं, पण तुमची सवय नसन. आता एक बोलतो. बोडीचा रस्ता बंद झाला म्हणून आमी समोरून येऊन राहिलो. तुमच्या घरात गर्दी होते, आमाले बी बरं वाटत नाई. मागचा फाटक खुला ठेवा. मंग आमी तिकडूनच जाऊ, अन् इथं येऊ ते बोलवलं तवाच येऊ."

मागणं एवढंच होतं. सगळे भैयाजींकडे बघत होते. ते म्हणाले, "करते हैं मावशी, जरूर कुछ करते हैं।"

आणि त्यांनी केलंही. चौथ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर तिच्या घरी आले. खिशातून मागच्या फाटकाची नवी किल्ली काढली, लाल दोऱ्यात ओवलेली, आणि तिच्या हातावर ठेवली. आपण या वयात नाल्यातून जाता हे मला बघवत नाही, ते म्हणाले. ही तुमची. उघडायचं, जायचं, यायचं, पुन्हा लावायचं. फक्त तुमच्यासाठी. सगळ्यांना मोकळं ठेवलं तर पाहुणे येणार नाहीत, पाहुणे आले नाहीत तर तुमचंही नुकसान आणि माझंही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण मोठं मन दाखवलं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं.

सुकवारोबाईने किल्ली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि त्यांना गुळाचा चहा दिला.

त्या आठवड्यात कुडव्याला गेले तेव्हा मी सगळ्या नात्यागोत्यात ही गोष्ट सांगत फिरले. एका म्हाताऱ्या बाईने कशी मालकाकडून किल्ली मिळवली, म्हणून. आई म्हणाली, शाबास आहे तिची. मला जणू मीच ती मिळवून दिल्यासारखं वाटत होतं.

उन्हाळा लागला. दुपारची जेवणं चालूच होती, निळी साडी, धानाचा प्रश्न, सगळं तसंच. समोरच्या दाराने आता कुणी येत नव्हतं. सोफा रिकामा असायचा आणि काउंटरवर फक्त बिलं. मला वाटायचं, ती मागून जात असेल. पण मागचं फाटक मी दुपारी उघडायला जायचे तेव्हा कुलपावर कोळ्याने जाळं विणलेलं असायचं. माझ्या हाताला ते रोज लागायचं आणि मी रोज ते पुसून टाकायचे. त्याचा अर्थ लावायला मला फार दिवस लागले. कदाचित मला तो लावायचाच नव्हता.

पावसाळ्यात जंगल बंद होतं, तसं रिसॉर्टही जवळजवळ बंदच. तोवर मला गोंदियात एका गाड्यांच्या शोरूममध्ये काम मिळालं होतं, घरून ये-जा करण्यासारखं. निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळीच मी टोल्यावर गेले, या वेळी पाहुणे नव्हते. तिने मला ओट्यावर बसवून जेवायला वाढलं. इतक्या दिवसांत मी तिथे पहिल्यांदाच पान घेऊन बसले होते. आधी नेहमी वाढणाऱ्यांच्या बाजूला उभी. तिने मला धानाचं विचारलं नाही. आईच्या दम्याचं विचारलं, आणि शोरूममध्ये बसायला स्टूल तरी देतात ना, असं विचारलं.

जेवण झाल्यावर तिने धुण्याची टोपली उचलली. बाहेर बाया जमल्या होत्या. चल, नाल्यापर्यंत येते का, ती म्हणाली. आम्ही निघालो. डाव्या हाताला आमचं कुंपण, त्यात ते फाटक, आणि पलीकडे शंभर पावलांवर बोडीचं पाणी उन्हात चमकत होतं. बाया फाटकावरून पुढे गेल्या. सुकवारोबाईही गेली. तिच्या पदराच्या टोकाला, पेटीच्या किल्लीशेजारी, लाल दोऱ्यातली ती किल्ली लोंबत होती.

नाल्याच्या काठाशी आल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, मावशी, तुझा गुडघा बघ. किल्ली आहे ना तुझ्याजवळ, तू कायले या चढानं जातेस? या बायांना काय वाटणार आहे, यांनीच तुला सांगितलं असेल ना, तू जा म्हणून?

बायांनी सांगितलं होतं. तिची जाऊ तर रोज सांगत होती.

तिने टोपली एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतली. रागावली नाही. लहान मुलाला तांदूळ कसे निवडायचे हे दाखवावं तशा आवाजात म्हणाली, "एकटीलेच जाऊ देते तो रस्ता पाहुण्याचा असते, पोरी. पाहुण्याले असं देतेत, मान म्हणून. मी का पाहुणी आहो? मी तं इथलीच आहो."

जुनी किल्ली इतके महिने माझ्या डोक्यामागच्या खिळ्यावर लटकत होती. एखाद्या पहाटे मी ते फाटक नुसतं उघडं विसरले असते तर कुणाला कळलंही नसतं. ते मला एकदाही सुचलं नाही, याची लाज मला तिथे वाटली आणि अजून वाटते.

तिने माझ्या गालावरून हात फिरवला, सांभाळून जा म्हणाली, येत जा म्हणाली. मग उजव्या बाजूला कलत, एकेक पाऊल ठेवत नाल्याच्या उतारावरून खाली गेली. पुढच्या बाया कधीच पलीकडच्या काठावर पोचल्या असत्या. पण त्या खाली वाळूत टोपल्या उतरवून, तिच्यासाठी थांबल्या होत्या.